खारा वारा गाडी कसा खातो? अंजनवेलसारख्या गावात छोटी कार घरच्या घरी कशी सांभाळायची

१ जून उजाडला की वेलदूर-अंजनवेलच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या दिसतात. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मग हंगाम सुरू व्हायच्या आधी होडीचा तळ खरवडला जातो, फटी भरल्या जातात, रंगाचा हात मारला जातो. हे काम टाळलं तर काय होतं, हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही.

आता त्याच गावात एखाद्या घराच्या खळ्यात उभी असलेली छोटी कार बघा. तोच खारा वारा, तोच पाऊस, तीच दमट हवा ती बारा महिने खाते. तिचा तळ मात्र कुणी खरवडत नाही. ती थेट तेव्हाच आठवते, जेव्हा चावी फिरवल्यावर नुसता ‘टक’ आवाज येतो.

आणि हा आवाज नेमका नको त्या वेळी येतो.

अंजनवेल हे गुहागर तालुक्यातलं, वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते त्या दाभोळ खाडीच्या दक्षिण तीरावरचं गाव. गोपाळगड किल्ला इथलाच, आणि एकेकाळी एन्रॉनमुळे देशभर गाजलेला वीजप्रकल्पही याच परिसरातला. पण रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं, तर चिपळूण किंवा डेरवण गाठावं लागतं. गुहागर ते चिपळूणच सुमारे ४५ किलोमीटर. अशा वेळी वाडीतली एखादी वॅगनआर, अल्टो किंवा टियागो हीच ॲम्ब्युलन्स असते.

म्हणून गाडीची देखभाल हा इथे हौसेचा विषय राहत नाही. चांगली गोष्ट ही, की यातली निम्मी कामं घरी होतात. त्याला लागतो एक दहा नंबरचा पाना, एक बादली गोडं पाणी आणि रविवारची सकाळ.

आधी समजून घेऊ, मीठ नक्की करतं काय?

लोखंड गंजायला दोन गोष्टी पुरतात, पाणी आणि ऑक्सिजन. मीठ नसलं तरी लोखंड गंजतंच, पण मीठ आलं की हे काम झपाट्याने होतं. कारण गंजणं ही विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या एका ठिकाणाहून इलेक्ट्रॉन निघतात, दुसऱ्या ठिकाणी वापरले जातात आणि मधलं पाणी हे सर्किट पूर्ण करतं. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, खाऱ्या पाण्यातून मस्त वाहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटल्या की त्याचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात आणि किनाऱ्यालगतच्या प्रत्येक गोष्टीवर बसतात. गाडीच्या काचेवर सकाळी जो चिकट थर दिसतो, तो हाच.

दुसरी गंमत अजून महत्त्वाची आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःच विरघळून ओलं होतं. बरणीतलं मीठ पावसाळ्यात पाझरतं ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते तर याहून कमी आर्द्रतेतही ओल धरतात. कोकण किनाऱ्यावर आर्द्रता वर्षातले कित्येक महिने या पातळीच्या आसपास किंवा वर असते.

याचा अर्थ काय? पाऊस नसला, गाडी कोरडी दिसत असली, तरी पत्र्याच्या सांध्यांत बसलेलं मीठ तिला आतून ओलंच ठेवतं. पुण्यातल्या गाडीला गंज चढायला पाऊस लागतो. अंजनवेलच्या गाडीला नुसता वारा पुरतो.

पहिलं काम: धुणं. पण कुठल्या पाण्याने?

गाडी धुणं म्हणजे चकचकीत करणं असा समज आहे. किनाऱ्यावर धुणं म्हणजे मीठ काढणं. त्यामुळे बोनेट आणि छत पुसून काम भागत नाही. मीठ बसतं ते खाली, म्हणजे चाकांच्या कमानींच्या आत, दरवाज्यांच्या खालच्या कडेला, सायलेन्सरच्या पाईपवर, मागच्या ॲक्सलवर. पाईपाचं तोंड बोटाने दाबून पाण्याची धार या जागांवर मारली तरी बराच फरक पडतो. पंधरा दिवसांतून एकदा हे पुरे. समुद्राचे तुषार उडतात अशा रस्त्यावरून गाडी आणली असेल, तर त्याच दिवशी धुवा. वाळूवर गाडी घालणं तर टाळाच. भरतीत अडकलेल्या गाडीचे व्हिडिओ दर सुट्टीत फिरतात, पण अडकली नाही तरी खालून लागलेलं खारं पाणी आणि ओली वाळू पुढचे काही महिने आपलं काम करत राहते.

आता प्रश्न पाण्याचा. खाडीकाठच्या काही विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने गाडी धुतली तर मीठ काढण्याऐवजी आपणच मीठ लावतो. निदान शेवटची एक बादली तरी गोड्या पाण्याची घ्या. पावसाळा असेल तर पागोळीचं पाणी उत्तम.

कपडे धुवायची पावडर वापरू नका, ती रंगावरचा मेणाचा थर काढते. गाडीचा शॅम्पू घ्या. आणि कोरड्या फडक्याने धूळ झटकू नका. इथली धूळ जांभ्याची, म्हणजे बारीक खरकागदच. आधी पाणी, मग फडकं.

दरवाज्याच्या खाली बारीक भोकं असतात, ती कशाला?

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दरवाज्याच्या पोकळीत उतरतं. ते बाहेर जावं म्हणून दरवाज्याच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. त्यांत धूळ आणि चिखल साठला की पाणी आतच राहतं. मग दरवाजा उघडताना आत खळखळ ऐकू येते, आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेर फुगा दिसतो तोवर आत भोक पडलेलं असतं.

उपाय फुकटचा आहे. माडाच्या झावळीचा एक हीर घ्या आणि भोकातून अलगद फिरवा. लोखंडी तार नको, तिने रंग खरवडला जातो आणि गंजाला नवी वाट मिळते.

अशीच भोकं पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या जाळीखाली असतात. गाडी आंब्याफणसाखाली उभी असेल तर तिथे पानं साचतात. पाणी तुंबलं की ते ब्लोअरमधून थेट पायाशी येतं. मॅट उचलून खालचा गालिचा दाबून बघा. ओल लागली तर आधी ही जागा तपासा.

गंजाचा ठिपका दिसला तर?

लहान ठिपका असेल तर काम घरचं आहे. पावसाळ्यात नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करायचं.

गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. खरकागदाने घासून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत गंज काढा. वर जस्ताचा प्रायमर, तो वाळल्यावर रंग, आणि शेवटी पारदर्शक लॅकर. रंगाचा कोड गाडीवरच लावलेल्या पट्टीवर असतो. ती दरवाज्याच्या खांबाला किंवा बोनेटखाली सापडते. त्या कोडची छोटी टच-अप बाटली मिळते. गंज पूर्ण न काढता वर रंग दिला तर तो आत वाढतच राहतो. भिंतीच्या ओलीवर चुना फासण्यासारखंच हे.

पण गंज दरवाज्याखालच्या लांब पट्टीला असेल, जॅक लावायच्या जागेला असेल किंवा शॉकॲब्सॉर्बर जिथे बसतो तिथे असेल, तर खरकागद खाली ठेवा. हे भाग गाडीचं हाड आहेत. ते काम गॅरेजमधल्या वेल्डिंगवाल्याचं.

गाडीच्या तळाला जळकं काळं ऑईल फासायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. लाकडाला चालतं म्हणून गाडीला चालेल असं नाही. त्या तेलाने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते आणि थेंबथेंब तेल मातीत, पुढे विहिरीत उतरतं. त्यापेक्षा पावसाळ्याआधी तळ धुवून, पूर्ण वाळवून गंजरोधक थर मारून घ्या. ‘पूर्ण वाळवून’ हे महत्त्वाचं, कारण ओल्या पत्र्यावर डांबरी थर दिला की ओल आत कोंडते.

बॅटरी: त्या ‘टक’ आवाजाचं मूळ

बोनेट उघडून बॅटरीची टोकं बघा. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर वीज पुढे जायला अडखळते आहे. बॅटरी चांगली असूनही गाडी चालू होत नाही, त्यामागे अनेकदा हीच भुकटी असते.

गाडी आणि सगळे दिवे बंद करा. आधी निगेटिव्ह, म्हणजे वजा चिन्हाचं टोक सोडवा, मग अधिक चिन्हाचं. लावताना उलट, आधी अधिक आणि शेवटी वजा. हा क्रम का? गाडीचा सगळा पत्रा वजा टोकाला जोडलेला असतो. वजा जोडलेलं असताना अधिक टोकाचा नट सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर थेट शॉर्टसर्किट होतं, पाना लाल होतो. वजा आधी काढलं की हा धोकाच संपतो.

खायचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने टोकं घासा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पुसून कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. खारी हवा आता टोकापर्यंत पोचणार नाही. काम चालू असताना विडी-सिगारेट लांब ठेवा, बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. स्टार्ट-स्टॉपवाली किंवा हायब्रिड गाडी असेल तर आधी मॅन्युअल वाचा.

मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू केल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.८ च्या दरम्यान जायला हवा. तो १२ वरच राहिला तर दोष बॅटरीचा नाही, चार्जिंगचा आहे. नवी बॅटरी घ्यायच्या आधी ही दोन मिनिटांची तपासणी काही हजार रुपये वाचवू शकते.

फिल्टर, वायपर, दिवे

इंजिनचा एअर फिल्टर बहुतेक छोट्या गाड्यांत दोन-चार क्लिप किंवा स्क्रू सोडले की हातात येतो. जांभ्याच्या रस्त्यावरून रोज फिरणारी गाडी असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरच्या आधीच तो लाल झालेला दिसेल. हलक्या हाताने आपटून धूळ काढा, कागदी फिल्टर पाण्याने धुवू नका. फार माखला असेल तर सरळ बदला.

एसीचा केबिन फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही स्वस्त मॉडेलांत कंपनी फिल्टर देत नाही, पण त्याची जागा असते. झाकण काढून फिल्टर सरकवला की झालं. एसीला कुबट वास येणं, काच लवकर धुरकटणं याचं एक कारण हा बुरशीने भरलेला फिल्टर असतो. त्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तेवढा नीट बघा.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो. तेव्हा वायपर ही इथे सुरक्षेची वस्तू आहे. मे महिन्याच्या उन्हात रबर कडक होतं, म्हणून तो दरवर्षी मृगाच्या आधी बदलावा. ड्रायव्हरकडची आणि शेजारची लांबी बहुधा वेगळी असते. बदलताना काचेवर जाड टॉवेल अंथरा. दांडा हातातून सुटून आपटला तर पुढची काच तडकते, आणि साठ सेकंदांचं काम हजारांत जातं.

हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर ती खरं तर काच नाही, पॉलीकार्बोनेट आहे. त्यावरचा उन्हापासून वाचवणारा थर झिजला की ते पिवळं होतं. टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. चमक येते खरी, पण थर गेलेलाच असल्याने पिवळेपणा परत येतो. १००० आणि मग २००० नंबरच्या खरकागदाने ओलं ठेवून घासा, पॉलिश करा आणि शेवटी युव्ही संरक्षक थर द्या. तो शेवटचा थरच खरं काम करतो.

कूलंट कमी झालं तर विहिरीचं पाणी घालू नका. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाला. आणि इंजिन तापलेलं असताना झाकण उघडायचं नाही. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, ते तोंडावर येतं.

टायर काय सांगतो?

टायरच्या बाजूला एका चौकटीत चार आकडे असतात. ‘२३२२’ म्हणजे तो २०२२ च्या २३ व्या आठवड्यात बनला. गावातली गाडी कमी फिरते, म्हणून नक्षी झिजत नाही आणि टायर नवाच वाटतो. पण रबर वयानेही कडक होतं आणि तडकतं. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, हा कायद्याचा नियम आहे. खाचांच्या तळाला बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ओल्या जांभ्यावर आणि शेवाळलेल्या उतारावर तर त्याच्याही आधी बदललेला बरा.

हवा टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या पट्टीवर लिहिलेला असतो. आणि स्टेपनी विसरू नका. अनेक गाड्यांची स्टेपनी पंक्चर झालेल्या दिवशीच पहिल्यांदा बाहेर निघते, आणि तीही बसलेली असते.

चाकरमान्यांची गाडी

गावात ठेवलेली आणि गणपती, शिमगा, मे महिना एवढ्यालाच चालणारी गाडी सर्वात जास्त सोसते.

शेजारी रोज दहा मिनिटं इंजिन चालू करून ठेवतो, असं सांगितलं जातं. त्याने भलं होण्यापेक्षा नुकसान होऊ शकतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी लांब चालली की ते वाफ होऊन बाहेर जातं. दहा मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच थिजतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. वर बॅटरीही पुरती भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवणारं माणूस मिळालं तर उत्तम. नाहीच मिळालं तर बॅटरीचं वजा टोक सोडून ठेवा.

हँडब्रेक ओढून महिनोनमहिने ठेवला तर दमट हवेत मागचे ब्रेक चिकटतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक सोडा. वर प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळू नका. ती पाऊस अडवते, पण आतली वाफही कोंडते. हवा खेळणारं कव्हर घ्या, किंवा पडवीत उभी करा.

उंदीर हा वेगळाच विषय. गाडीत खाऊचा कण ठेवू नका, शेजारी गवताचा भारा किंवा भाताची पोती नकोत. आणि बरेच दिवसांनी चालू करण्याआधी बोनेट उघडून वायरी बघा.

पाण्यात गेलेली गाडी: इथे चावीला हात लावायचा नाही

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. कितीतरी गाड्या बुडाल्या. अंजनवेलला समुद्राला मिळणारी नदी हीच.

पूर ओसरल्यावर माणूस पहिली गोष्ट काय करतो? गाडी चालू होते का ते बघतो. नेमकी हीच चूक महागात पडते. इंजिनमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दबते. पण सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते दबत नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. साफसफाईत भागलं असतं ते काम अख्खं इंजिन बदलण्यावर जातं.

विम्याचा प्रश्नही इथेच अडतो. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराची भरपाई मिळतच नाही. पूर्ण विमा असला तरी पाणी शिरलेलं इंजिन चालू केल्याने झालेलं नुकसान अनेकदा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. खाडीकाठी, नदीकाठी राहणाऱ्याने नूतनीकरणाच्या वेळी ते घेतलं आहे का, हे बघावंच. त्यातही अटी असतात, त्या वाचाव्यात.

म्हणून गाडी बुडाली असेल तर चावी फिरवू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, बॅटरीचं वजा टोक काढा आणि गाडी ओढून न्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर हातच लावू नका, जाणकाराला बोलवा. रस्त्यावर पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर दिसलं तर थांबा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा.

आता थोडी हौस: कुठले बदल खरंच कामाचे?

बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप आणि ट्यूबलेस पंक्चर किट ही गावातल्या गाडीसाठी सर्वात उपयोगी जोड. फक्त पंप किती अँपिअर घेतो ते बघा. सॉकेटचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर त्यावर साधारण १२० वॅटपर्यंतचंच यंत्र चालेल.

चिखल अडवणारे मडफ्लॅप स्वस्त आहेत आणि दरवाज्याच्या खालच्या पट्टीचा रंग वाचवतात. जुन्या गाडीला रिव्हर्स सेन्सर लावता येतात. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ते कंपनीकडूनच येतात. डॅशकॅम लावायचा असेल तर वायर कापून जोडू नका, फ्यूजमधून जोडणी देणारा छोटा जोड मिळतो. टेप गुंडाळलेला सांधा खाऱ्या हवेत हिरवा पडतो, तापतो आणि आगीचं निमित्त होतो. शिवाय वायर कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

ओबीडी रीडर हे अजून एक कामाचं खेळणं. स्टीअरिंगच्या खालच्या सॉकेटमध्ये ते खोचलं की इंजिनचा पिवळा दिवा का लागला याचा कोड मोबाईलवर दिसतो. उदाहरणार्थ ‘पी ०३००’ म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. त्याने दुरुस्ती होत नाही, पण मिस्त्रीशी बोलताना तुम्ही कोरे नसता.

सीट कव्हर घेताना सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ लिहिलेलं आहे का ते बघा. असेल तर तिथून उघडणारंच कव्हर हवं.

आणि हे बदल नकोत

गुहागर-चिपळूण रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या पांढऱ्या लखलखीत दिव्याने आंधळं झाल्याचा अनुभव बहुतेकांना आहे. हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवला की प्रकाश जिथे पडायला हवा तिथे न पडता वर विखुरतो. तुम्हाला जास्त दिसल्यासारखं वाटतं, समोरच्याला काहीच दिसत नाही. ६०/५५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब लावला तर होल्डर आणि वायर वितळते. त्यापेक्षा दिव्याचं कव्हर घासून स्वच्छ करा, दोन्ही बल्ब नवे घाला आणि दिव्यांचा कोन नीट करून घ्या.

पुढे लोखंडी गार्ड लावायला डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मनाई करायला सांगितलं. कारण साधं आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपावा म्हणूनच बनवलेला असतो, आणि एअरबॅगचा सेन्सर त्या धक्क्यावर चालतो. गार्डमुळे धक्का चुकीच्या ठिकाणी जातो. रस्त्यावरच्या माणसाला तर तो आणखीच घातक.

काळ्या फिल्मबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कडक निकाल दिला. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, हा नियम.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एकच सांगतात. कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विजेवर चालणारी जी जोड तुम्ही बाहेरून लावता, ती विम्यात नोंदवली नसेल तर तिची भरपाईही मिळत नाही.

घरी काय करायचं नाही?

ब्रेकचे पॅड आणि पाईप, एअरबॅग, एसीचा गॅस, स्टीअरिंग आणि हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी वायरी. यांना घरी हात लावायचा नाही. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं आणि ओल शोषलेलं तेल घाटात तापलं की उकळतं, मग पेडल पोकळ लागतं. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मुदतीत, अनेक गाड्यांत ती दोन वर्षांची असते, ते गॅरेजमधून बदलून घ्या. तुमचं काम डबीतली पातळी बघण्याचं. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो.

तर मग कधी काय?

कोकणात आगोटीची कामं ठरलेली असतात. कौलं शाकारणं, लाकडं भरणं, मिरच्या-मसाले वाळवणं. त्याच यादीत गाडीची एक ओळ जोडायची. मे महिन्यात वायपर, टायर, बॅटरीची टोकं, दरवाज्यांची भोकं आणि तळाचा थर. पावसाळ्यात पानं काढणं आणि गालिच्याची ओल तपासणं. गणपतीत गाडी रस्त्यावर काढण्याआधी हवा, तेल, कूलंट आणि वायरी. दसऱ्याला गाडीला हार घालतोच, तेव्हा खाली वाकून तळही बघायचा. हिवाळ्यात गंजाचे ठिपके आणि रंग.

वर्षाला चार-पाच सकाळी जातात यात. वेलदूरचा मच्छीमार होडीला याहून कितीतरी जास्त वेळ देतो, कारण ती ऐन समुद्रात दगा देऊ शकते हे त्याला ठाऊक असतं. खळ्यातली छोटी गाडीही रात्री दोन वाजता तशीच वेळ आणू शकते. तेव्हा चावी फिरवल्यावर इंजिन सुरू व्हावं, म्हणून आज बोनेट उघडायचं.